देव पाण्यात आणि संत उलटा

आमच्याकडे एखादं काम व्हायलाच हवं असेल तर लोक देव पाण्यात घालून बसतात, हे मी एकदा इथे लिस्बनमध्ये माझ्या घरमालकीण आजींना मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये सांगत होते. म्हटलं आता हसतील. तर त्या उठल्या आणि काचेच्या कपाटातून एक वीतभर मूर्ती काढून दाखवली, सांतो आंतोनियो, पण डोकं खाली पाय वर! भाचीचं लग्न जमत नाहीये म्हणून उलटा ठेवलाय, जमलं की सरळ करणार. कुठेकुठे तर त्याला विहिरीतही सोडतात म्हणे. म्हणजे देव पाण्यात घालायची आयडिया काही आपली एकट्याची नाही.

हा इथला लग्नं जुळवणारा आणि हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत. जन्म लिस्बनचा, साधारण 1195 चा, आणि वारला इटलीत पादुआजवळ 13 जून 1231 ला, म्हणून जगभर ‘पादुआचा अँथनी’. लिस्बनमध्ये मात्र असं म्हणून बघा, लोक लगेच दुरुस्त करतात. खरं तर लिस्बनचा अधिकृत रक्षक संत व्हिन्सेंट, शहराच्या चिन्हावर त्याचे दोन कावळेसुद्धा आहेत, पण त्या बिचाऱ्याला विचारतंय कोण.

त्याच्या सणाच्या आदल्या रात्री, 12 जूनला, आल्फामा या लिस्बनच्या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांमधून चालणं म्हणजे विसर्जनाच्या गर्दीत सापडल्यासारखंच, वरती रंगीत कागदी पताका, कर्कश स्पीकर, आणि दारादारात कोळशावर तारल्या भाजतायत, आणि धूर इतका की केसांचा वास दोन दिवस जात नाही. आपली तारली कालवणात नाहीतर कुरकुरीत तळून, इथे मात्र अख्खी, पोट साफ न करता, जाडं मीठ लावून, आणि ताटाऐवजी पावाच्या स्लाइसवर. जूनमध्ये तिला चरबी चढते, ती पावात मुरते, आणि तो पाव सगळ्यात शेवटी खायचा. खरं सांगू, मला मासळीपेक्षा तो पावच जास्त आवडला.

आणि मांजेरिको! नाव ऐकून मला तुळशीची मंजिरीच आठवली, आणि निघालं पण तसंच, सब्जाच्याच जातीचं बारीक पानांचं गोल गरगरीत झाड, छोट्या कुंडीत, त्यात कागदी फूल आणि चार ओळींची चारोळी खोचलेली. आवडत्या माणसाला द्यायचं. पण नाक लावून वास घ्यायचा नाही, झाड सुकतं म्हणतात, तळहात वरून फिरवायचा आणि मग हात हुंगायचा. मी पहिल्यांदा सरळ नाकच खुपसलं तर विकणारी बाई अशी काही दचकली की बस.

त्याच रात्री मोठ्या रस्त्यावर एकेका वस्तीची पथकं नाचत जातात, ही स्पर्धा 1932 पासूनची, आणि आपल्या वस्तीचा नंबर हुकला की लोक वर्षभर परीक्षकांना शिव्या घालतात. त्याच दिवशी सामुदायिक लग्नंही लागतात, 1958 ला सुरू झाली, 1974 मध्ये बंद पडली आणि 1997 पासून परत. जोडपी साधारण सोळा, आणि टीव्हीवर लाइव्ह.

मला सगळ्यात जवळची वाटली ती पोरांची गोष्ट. 1755 च्या भूकंपात सांतो आंतोनियोचं लिस्बनमधलं चर्च पडलं, तेव्हा म्हणे पोरांनी दारात छोटे देव्हारे मांडून ‘सांतो आंतोनियोसाठी एक नाणं’ मागायला सुरुवात केली. म्हणजे वर्गणीच की!

दहाबारा दिवसांनी पोर्तुगालच्याच पोर्तो शहरात संत जॉनची रात्र, तिथे अनोळखी लोक एकमेकांच्या डोक्यात प्लॅस्टिकचे हातोडे मारतात, आणि आपल्या गोव्यात त्याच संताच्या नावाने 24 जूनला सांजाव, फुलांचा मुकुट घालून विहिरीत उड्या. संतापेक्षा आपलेच लोक पाण्यात बरे.

परवा आजींकडे गेले होते, मूर्ती अजून उलटीच. भाची बार्सिलोनाला नोकरीला गेली म्हणाल्या, आणि मूर्तीकडे बोट दाखवत, ‘हा ऐकतच नाही, याला पाण्यातच घालते आता.’