एकोणपन्नास दिवस

पायलटच्या नोकरीसाठी मिळालेले पहिले तीन नकार मी नशिबाच्या खात्यावर टाकले. पहिल्या एअरलाइनमध्ये सिमने, म्हणजे सिम्युलेटरवरच्या परीक्षेने, दगा दिला. कधी न उडवलेल्या प्रकारच्या विमानावर ऑटोपायलट बंद, नाक कुठे ठेवायचं ते दाखवणारा फ्लाइट डायरेक्टर बंद, आयएलएस मारा म्हणाले, म्हणजे रनवेवरून येणाऱ्या रेडिओ सिग्नलवर उतरायचं. माझी नजर स्पीडवरून हलेना. दुसरीकडे ग्रुप एक्सरसाइजमध्ये तोंडच उघडलं नाही. तिसरीकडे काय बिनसलं ते आजही माहीत नाही. 'खेद वाटतो'पासून 'शुभेच्छा'पर्यंत चार ओळींचा मेल, त्यात कारण सोडून सगळं असतं.

चौथ्या ठिकाणी निवड झाली. पेढे वाटून झाले आणि तीन आठवड्यांनी ऑफर मागे घेतल्याचा मेल आला. कारण त्यातही नव्हतं, पण या वेळी ते मला पक्कं ठाऊक होतं.

पायलटच्या बॅकग्राउंड चेकमध्ये पोलिसांचा दाखला हा सगळ्यात सोपा भाग. मेख असते ती तारखांची. युरोपातल्या नियमांप्रमाणे निदान मागच्या 5 वर्षांचं शिक्षण, नोकरी आणि मधले खंड तपासले जातात; घरी बसलेला काळही कागदावर दाखवावा लागतो. माझी जुनी चार्टर कंपनी बंद पडली, तेव्हा पुढची नोकरी लागेपर्यंत मी 49 दिवस घरी होते. फॉर्मवर मी तारखा न लिहिता नुसते महिने लिहिले. तसं केलं की दोन नोकऱ्या छान एकमेकींना चिकटतात. आणि 'कोणत्याही चेकमध्ये (उड्डाणाच्या परीक्षेत) नापास झालात का' यापुढे 'नाही' लिहिलं. बाहेर न दिसता नुसत्या उपकरणांवर उडवायच्या परवान्याची, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंगची टेस्ट मला दोनदा द्यावी लागली होती. आठवड्यात पास झाले, त्याला काय नापास म्हणायचं, अशी मी माझी समजूत घातली होती. परीक्षकाच्या रिपोर्टवर तोच शब्द होता.

लाज याची वाटते की मला हे माहीत होतं. 2009 साली अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, 50 माणसं गेली. स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल जात असल्याचा, इशारा आल्यावर कॅप्टनने नाक खाली करायच्या ऐवजी कंट्रोल कॉलम मागे ओढला होता. चौकशीत हेही निघालं, की आधी नापास झालेल्या सगळ्या चेकराइड्स त्याने नोकरीच्या अर्जात सांगितल्या नव्हत्या. पायलटचं रेकॉर्ड मालकांना एका जागी दिसावं म्हणून पुढे तिथे कायदा झाला. हे सगळं आम्ही सीआरएमच्या, म्हणजे कॉकपिटमधल्या टीमवर्कच्या, वर्गात शिकलो होतो आणि त्या कॅप्टनबद्दल सगळ्यात तावातावाने मीच बोलले होते.

पाचव्या इंटरव्ह्यूला समोर एक निवृत्तीला आलेले कॅप्टन आणि एचआरच्या बाई होत्या. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर पाठ केलेलं सुरू करायच्या आधी मी उड्डाणांच्या नोंदींचं लॉगबुक उघडून त्या नापास टेस्टचं पान त्यांच्यापुढे सरकवलं आणि चौथ्या ठिकाणी काय झालं तेही सांगून टाकलं. बाई लिहायच्या थांबल्या. कॅप्टननी चष्मा लावला.

"काय चुकलं होतं?"

"एका इंजिनवर आयएलएस, सर. डिसिजन हाइट 200 फूट. रनवेचे लाइट दिसतील म्हणून थांबले."

"किती?"

"160 ला गो-अराउंड केला."

त्यांनी नुसती मान हलवली. डिसिजन हाइटला रनवे दिसला नाही तर उतरणं सोडून पुन्हा वर जायचं, तो गो-अराउंड. तो सुरू करायला त्या टेस्टमध्ये वरच्या बाजूला 50 फुटांची मुभा असते, खालच्या बाजूला शून्य. चाळीस फूट म्हणजे तीन-चार सेकंद. पुढची वीस मिनिटं ते त्या तीन-चार सेकंदांवरच बोलत राहिले: नजर आत होती की बाहेर, कॉल कुणी द्यायचा होता, परीक्षकाने कंट्रोल घेतले का. 'तुमची बलस्थानं कोणती' वगैरे राहूनच गेलं. एवढं मनापासून मी आधीच्या चारही ठिकाणी बोलले नव्हते.

ऑफर आली. पुन्हा बॅकग्राउंड चेकच्या अटीवर.

या वेळी फॉर्मवर एकेक तारीख लिहिली. बंद कंपनीचा फोन कोण उचलणार? पगाराच्या स्लिपा, बँकेतल्या नोंदी, रोस्टरचे जुने मेल, त्या वेळच्या चीफ पायलटचं सही केलेलं पत्र असा गठ्ठा पाठवला. तपासणाऱ्या माणसाचं समाधान झालं, एक गोष्ट सोडून.

"मॅडम, ते 49 दिवस. तुम्ही घरीच होता असं कोण सांगेल? नात्यातलं नको."

वरच्या मजल्यावरच्या मुलीला मी तेव्हा रोज संध्याकाळी गणित शिकवायचे. तिच्या आईकडे गेले. त्यांनी हसत हसत कागद घेतला आणि वळणदार अक्षरात लिहून दिलं, की अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत या बाई इथेच होत्या, आमच्या मुलीला अपूर्णांक शिकवत होत्या, आणि ती पास झाली.

ते पत्र फाइलला लागलं. नवव्या आठवड्यात ट्रेनिंगची तारीख आली.