गिमलीचा ऑगस्ट

ऑगस्टचा पहिला सोमवार आला की कॅनडातल्या विनिपेगहून उत्तरेला गिमलीची वाट धरायची, हे आमच्या घरात ठरलेलंच. लेक विनिपेगच्या पश्चिम काठावरचं हे टुमदार गाव. म्हणायला तळं, पण पसारा साडेचोवीस हजार चौरस किलोमीटरचा. पलीकडचा काठ दिसतच नाही.

१८७५ च्या ऑक्टोबरात, हिवाळा तोंडावर असताना, आइसलँडची कुटुंबं इथे उतरली. वर्षभरातच देवीची साथ आली, किती घरांतली माणसं गेली. तरी १८७७ मध्ये त्यांनी आपल्या भाषेतलं वर्तमानपत्र काढलं! पोटाची भ्रांत असताना छापखाना उभारणाऱ्या या माणसांपुढे मी मनोमन हात जोडते.

त्यांचा वार्षिक सोहळा १८९० साली विनिपेगमध्ये सुरू झाला, १९३२ पासून तो गिमलीत भरतो. मिरवणूक, भाषणं, धक्क्यावरच्या गंमती सगळं असतं. पाण्यावर आडव्या टाकलेल्या गुळगुळीत खांबावर दोघं समोरासमोर बसतात आणि उशीसारख्या पिशव्यांनी एकमेकांना बदडतात. एक जण धपकन पाण्यात पडला की काठावर नुसता जल्लोष! पण खरा मान फ्याल्कोनाचा, म्हणजे आइसलँडमातेचा. १९२४ पासून हा मान समाजातल्या एखाद्या बाईला दिला जातो. पांढरा पायघोळ पोशाख, हिरवा झगा, डोक्यावर मुकुट. ती बोलायला उभी राहिली की माझा तर गळाच दाटून येतो.

आणि विनारतेर्ता, त्यांचा थराथरांचा केक! पातळ पोळ्यांसारखे थर, मध्ये सुक्या आलुबुखाऱ्याचं वेलदोडा घातलेलं काळंभोर सारण. तुकडा कापला की कडेने पांढऱ्या-काळ्या रेघा दिसतात. वरून साखरेचा लेप हवा की नको, यावर तिथल्या आज्या तावातावाने भांडतात. खुद्द आइसलँडमध्ये मागे पडलेला हा केक इथे घरोघरी टिकला. कसा, ते एका आजींनी सांगितलं, "सारण मी शिजवते, थर नातवंडं लाटतात. जाडे-पातळ झाले तरी मी हात लावत नाही." त्या नातवंडांना आजीची भाषा जेमतेमच येते, पण वेलदोडा किती घालायचा ते अचूक ठाऊक असतं.

तेव्हापासून आमच्या मंडळाच्या गणपतीत मोदक वळायला मी मुलांनाच बसवते. कळ्या वाकड्या पडतात, एखाददुसरा उकडताना फुटतो. फुटलेला आधी कुणी खायचा, यावरून त्यांच्यात मारामारी.