काळा शर्ट, लाल-पिवळा झेंडा आणि मी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आणि विचारलंत तर तुम्ही सगळ्यांनीच. गल्लीतल्या पंचांनी, तिसऱ्या रेल्वे गेटजवळच्या चहावाल्यानं, बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या लेथवर जॉब टाकायला येणाऱ्या गिऱ्हाइकांनी, भाच्याच्या लग्नात हात धुवायच्या रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसानंसुद्धा. फोटो एकच, कंबोडियातला: अंगात काळा शर्ट, हातात कर्नाटकाचा लाल-पिवळा झेंडा. प्रश्न दोन. मराठी माणूस विचारतो, "एक नोव्हेंबरला तुझ्या हातात तो झेंडा कसा?" कन्नड माणूस विचारतो, "राज्योत्सवादिवशी काळा शर्ट का घातला होता?" एकाला उत्तर दिलं की ते दुसऱ्याच्या कानावर जातं आणि तो नवा प्रश्न घेऊन येतो. म्हणून आता दोघांना मिळून एकदाच सांगतो. परत कुणी विचारायचं नाही. (विचारणार, माहीत आहे.)

बाकीच्या फोटोंबद्दल कुणी विचारत नाही, याचं खरंच वाईट वाटतं. बालीत उलुवाटूच्या कड्यावर माकडानं आमच्या हिचा चष्मा पळवला. तिथली माकडं चष्मा, टोपी, मोबाईल उचलतात आणि फळ हातात पडल्याशिवाय सोडत नाहीत. रोख व्यवहार. फोटोत ही समुद्राकडं हात करून काहीतरी दाखवते आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ती माकडाला शिव्या देत होती आणि माकड समजून एका जर्मन बाईकडं बघत होती. दुसरा फोटो बँकॉकच्या राजवाड्यातला. हाफ पँटवर आत सोडत नाहीत, म्हणून बाहेर घाईत घेतलेली हत्तीछाप विजार घालून मी उभा आहे. मागं दिसतंय ते अंगकोर वाट, कंबोडियातलं ते मोठं देऊळ. खरं नव्हे, छोटी प्रतिकृती. राजा मोंगकुटनं एकोणिसाव्या शतकात करायला सांगितलेली. अंगकोरचा मुलूख १९०७ पर्यंत सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, ताब्यात होता, तेव्हा राजाला वाटलं असणार की आपलंच देऊळ आहे, अंगणात एक असू दे. या विजारीवर कुणी दोन शब्द बोलेल तर शपथ. सगळ्यांना झेंडाच दिसतो.

तर झेंडा.

२०२४ ची दिवाळी. लक्ष्मीपूजन एक नोव्हेंबरलाच आलं होतं. आमची सहल हुबळीच्या एका पोराची होती: माणसं हुबळी, धारवाड, गदग आणि आम्ही दोघं बेळगावची. मराठी टूर का नाही घेतली, असंही विचारून झालंय. ती पुण्यातनं निघते आणि पैसे जास्त घेते. पुढं?

काळा शर्ट मात्र मी ठरवून घातला होता. हे आधीच सांगतो, कारण कन्नड गिऱ्हाइकांना मी काही दिवस "बॅगेत तेवढाच इस्त्रीचा होता" असं सांगितलं. ते खोटं. कर्नाटकाचा राज्योत्सव तो आम्हा बेळगावच्या मराठी माणसांचा काळा दिन, आणि जाणता झाल्यापासून एक नोव्हेंबरची निषेधाची सायकल फेरी चुकवलेली नव्हती. यंदा नाही जमत म्हटल्यावर बायकोला म्हणालो, निदान काळं घालतो. ती म्हणाली, "कंबोडियात कोण बघूलालंय तुमचं काळं?" मी म्हटलं, मी बघतोय की. तेव्हा हे वाक्य मला फार भारी वाटलं होतं.

सकाळी अंगकोर थोम या जुन्या राजधानीच्या दक्षिण दरवाजाला टुकटुक थांबल्या. खंदकावर पूल, पुलाच्या दोन्ही कठड्यांवर दगडी नाग, आणि त्या नागाला धरून बसलेले डाव्या बाजूला चौपन्न देव, उजव्या बाजूला चौपन्न असुर. समुद्रमंथन. राजा सातव्या जयवर्मनच्या वेळचं काम, बाराव्या शतकाच्या शेवटाचं. त्यातली बरीच डोकी आता नवी बसवलेली आहेत, जुनी चोरीला गेली किंवा जपून आत ठेवली. देवांचे चेहरे शांत, असुरांचे भुवया चढवलेले, हात दोघांचे सारखेच. पुढं दरवाजावर चार दिशांना बघणारे मोठे दगडी चेहरे. सगळे टुरिस्ट इथं उतरून फोटो काढतात. आम्हीही उतरलो.

हुबळीच्या पोराकडं लांबणारी सेल्फी काठी होती आणि तिच्या टोकाला तो झेंडा. चिनी टोळ्यांपुढं निळे, हिरवे झेंडे चालतात, तसा आपल्याला एक, म्हणून त्यानं आणलेला. नोव्हेंबर तोंडावर असताना हुबळीच्या बाजारात कुठला झेंडा स्वस्त मिळणार, सांगा. पहिल्या दिवसापासून तो झेंडा पुढं आणि मी टोळीच्या शेपटाला. ही व्यवस्था दोघांनाही मानवली होती.

पुलावर माणसं मोजली तर गदगच्या अज्जी नाहीत. ऐंशीच्या घरातल्या, नऊवारी इरकल, पायात कापडी बूट, कन्नडशिवाय एक अक्षर येत नाही. मुलगा-सून फोटोत गुंतलेली. दुसऱ्या कुठल्या टोळीतल्या साड्या बघून अज्जी त्यांच्यामागनं दरवाजातनं आत गेल्या असणार. आत बायोनच्या देवळापर्यंत दीड किलोमीटर सरळ रस्ता, दोन्हीकडं झाडी. त्या पोराचा चेहरा पांढरा पडला. त्यानं अज्जींच्या मुलाला टुकटुकमध्ये बसवलं आणि काठी समोरच्या माणसाच्या हातात कोंबली. समोरचा माणूस मी.

"अंकल, ऐद निमिष हिडकोरी."

पाच मिनिटं धरा. आणि गेला.

आता इथं मला माझ्यातल्याच एकाशी भांडावं लागतं. १९८६ साली मी वीस वर्षांचा होतो. त्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात बेळगावात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्यातले काही माझ्या शेजारीच पळत होते. तो वीस वर्षांचा पोरगा अजून मधनंमधनं येतो आणि जाब विचारतो. "काठी बायकोकडं द्यायची होतीस." दिली असती, पण ती फोटो काढत होती. "देवाच्या मांडीवर टेकवून ठेवायची होतीस." बाराव्या शतकातल्या मूर्तीला काठी टेकवू? "खाली धरायचा." धरला की! ते फोटोत नाही म्हणून कुणाला माहीत नाही. पहिली काही मिनिटं मी झेंडा गुंडाळून काखेत मारून उभा होतो, चोरीचा माल असल्यासारखा. तेवढ्यात अज्जींची सून आली. रडकुंडीला आलेली. म्हणाली, अंकल, तो वर धरा. अत्तींना, म्हणजे सासूबाईंना, आम्ही सांगितलंय, चुकलात तर कुणाला काही विचारू नका, हळदी-कुंकवाचा झेंडा दिसेल तिकडं या.

हळदी-कुंकवाचा. पोराच्या टोळीत त्याला तेच म्हणत होते म्हणे.

धरला वर. काठी पूर्ण लांब करून, दोन्ही हातांनी. लेथवर उभं राहून खांदे गेलेत माझे, तरी धरला. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला, जास्तच. एका बाजूला देव, एका बाजूला असुर, मध्ये काळ्या शर्टातला मी आणि डोक्यावर लाल-पिवळं. आमच्या हिनं तो फोटो काढला आणि तिथल्या तिथं स्टेटसला लावला. खाली लिहिलं, "अखेर!" आणि एक हसणारं तोंड.

कंबोडियाचं घड्याळ आपल्यापुढं दीड तास. आमच्याकडं साडेदहा, म्हणजे इकडं नऊ. माझे सगळे दोस्त सायकली घेऊन फेरी सुटायची वाट बघत उभे, हातात मोबाईल. पहिला फोन दोन मिनिटांत आला.

"काय गा, झेंडा कशाला धरूलालास?"

म्हटलं, म्हातारी हरवलीय.

"कुणाची?"

"गदगची."

पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "ऊन लागलं काय रे तुला?" आणि मागनं कुणीतरी ओरडलेलं ऐकू आलं, "विचार, पगार किती देतात!" मी एका हातानं काठी सांभाळत, दुसऱ्या हातानं फोन धरून पुलावर बेळगावच्या आवाजात ओरडत होतो. एक जपानी म्हातारा थांबून माझाही फोटो काढून गेला. तो त्याच्या घरी काय सांगत असेल देव जाणे.

आमचा तिथला गाइड, तिशीतला, इंग्रजी चांगलं बोलणारा, त्यानं विचारलं काय भानगड आहे. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं: हा झेंडा मी राहतो त्या राज्याचा, आमचं म्हणणं, आम्ही शेजारच्या राज्यात असायला हवं, आज त्या राज्याचा सण आणि आमचा सुतक पाळायचा दिवस, म्हणून हा शर्ट. त्यानं झेंड्याकडं बघितलं, शर्टाकडं बघितलं. म्हणाला, म्हणजे आमचं आणि थाई लोकांचं आहे तसं? मी घाईघाईनं म्हटलं, छे छे, आमचा देश एकच, सैन्य वगैरे नाही, कोर्टात आहे. २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे.

कोर्ट म्हटल्यावर तो खुलला. आम्हीपण गेलो होतो, म्हणाला. प्रेआह विहेअरचं देऊळ डोंगराच्या कड्यावर आहे, थायलंडच्या हद्दीला लागून. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १९६२ साली निकाल दिला, देऊळ कंबोडियाचं. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मग मिटलं!" तो हसला. २००८ मध्ये देऊळ जागतिक वारसा यादीत आलं आणि तिथं गोळीबार सुरू झाला. परत न्यायालयात गेले. आधीच्या निकालाचा अर्थ काय, याचा निकाल २०१३ मध्ये लागला. आणि २००३ मध्ये तर नुसती अफवा उठली, की एका थाई नटीनं अंगकोर आमचंच आहे असं म्हटलंय, तेवढ्यावर नॉम पेन्हमध्ये थायलंडचा दूतावास जाळला. ती तसं बोललीच नव्हती.

मला खरं सांगायचं तर त्या क्षणी अज्जी, झेंडा, फोन सगळं विसरायला झालं. आम्ही इतकी वर्षं निकालाकडं डोळे लावून बसलोय, आणि हा माणूस निकाल खिशात असून त्याच तोंडानं बोलत होता. हे मी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या एका जुन्या माणसाला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "तू तिकडं जाऊन भलतंसलतं ऐकून आलास." असेल. पुढं जुलै २०२५ मध्ये त्या सीमेवर पाच दिवस तोफा चालल्या तेव्हा मी टीव्हीसमोरनं उठलो नाही. पण म्हणून आमची मागणी चूक ठरते असं कुणी मला सांगू नये. त्याचं देऊळ वेगळं, माझ्या शाळा वेगळ्या. माझ्या सातबाऱ्यावर कन्नडमध्ये काय लिहिलंय ते मला दुसऱ्याकडनं वाचून घ्यावं लागतं, ते गाइडला काय माहीत. माझ्या कारखान्यात निम्मी पोरं कन्नड आहेत, त्यांच्याशी माझं उत्तम चालतं, हेही खरं. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. खोडायला पाहिजेत असं तुम्हाला वाटत असेल तर तो तुमचा प्रश्न.

अज्जी आल्या. दरवाजाच्या आतनं, एकट्या, अजिबात न घाबरलेल्या, हातात कुणीतरी दिलेली पाण्याची बाटली. झेंडा बघून सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आशीर्वाद देतील. त्यांनी मला वरपासनं खालपर्यंत बघितलं आणि कन्नडमध्ये जी सुरुवात केली, ती अशी: आज लक्ष्मीपूजा, वर्षाचा सण, घरात मोठी माणसं असतील, आणि काळं नेसून आलास? कुणी सांगितलं नाही तुला? बायकोला तरी कळायला नको?

बायकोला कळत होतं. ती माझ्यामागं उभी राहून पदरात तोंड घालून हसत होती.

काय सांगणार होतो? गदगला काळा दिन पोचलेलाच नाही. अज्जींच्या लेखी एक नोव्हेंबर म्हणजे पोरांची शाळेतली प्रभातफेरी आणि या वर्षी वर दिवाळी. ऐंशी वर्षांच्या बाईला, जी आत्ताच त्या झेंड्यामुळं सापडली, तिला मी तिथं सीमाप्रश्न समजावू? समजावायला हवा होता, असं तो वीस वर्षांचा म्हणतो. मी म्हटलं, "चुकलं अज्जी." ते मनापासनं नव्हतं. शर्ट बदलला नाही, संध्याकाळी हॉटेलात सगळ्यांनी मिळून लक्ष्मीपूजन केलं तेव्हाही तोच होता. अज्जींनी गोकाकचा करदंट, ती सुकामेव्याची मिठाई, वाटला, मला सगळ्यांत शेवटी दिला आणि बाकीच्यांपेक्षा मोठा दिला. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या एक नोव्हेंबरला मी फेरीत होतो. मूक फेरी, तरी शेजारच्यानं सायकल जवळ आणून विचारलंच, "आज म्हातारी नाही का हरवली कुठं?"

आता बायकोनं त्याच पोराकडं लाओसचं बुकिंग केलंय, अज्जीपण येणार आहेत. मी अट घातली: झेंडा नाही, छत्री. कबूल, म्हणाला, रंग तुम्ही सांगा. मी भगवी म्हणालो. तो म्हणाला, अंकल, लुआंग प्रबांगला पहाटे भिक्खूंची रांगच्या रांग भिक्षेला निघते, सगळे भगव्यातच, अज्जी त्यांच्यामागनं मठात जातील. पांढरी मळते. काळी म्हटल्यावर अज्जींची सून फोनवर आली. सध्या चौकड्याची बघायला सांगितली आहे.