राजगीर: ‘उधर कुछ नहीं है, मॅडम’

बिहारमधल्या राजगीरला रविवारी जाऊ नका. आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं असं नाही, गयेच्या लॉजवाल्याने बजावून सांगितलं होतं. पण परतीची गाडी सोमवारची, त्यामुळे डिसेंबरातल्या ऐन सहलींच्या रविवारी आम्ही नवरा-बायको रोपवेच्या रांगेत. पुढे शाळेची सहल, मागे लग्नाच्या वऱ्हाडाएवढं एक कुटुंब, त्यांच्याकडे पुऱ्यांचा डबा आणि त्या डब्यावर डोळा ठेवून कठड्यावर बसलेलं माकड. अडीच तास. माकडाला पुरी मिळाली त्याच्यानंतर बऱ्याच वेळाने आम्हाला तिकीट मिळालं.

वर रत्नगिरी डोंगरावर जपानी लोकांनी बांधलेला विश्वशांती स्तूप आहे, १९६९ सालचा. पांढराशुभ्र, चार दिशांना चार सोनेरी बुद्धमूर्ती. सुंदर आहे. पण मला तिथे काहीच वाटलं नाही, आणि यासाठीच का अडीच तास, या विचाराने मी बराच वेळ कुढत होते. नवरा मात्र खूश, कारण संध्याकाळची काचेच्या पुलाची तिकिटं त्याने घरूनच काढून ठेवली होती.

खरं राजगीर तिथून खाली उतरताना सुरू होतं. गृध्रकूट म्हणजे काही मोठं शिखर नव्हे, डोंगराच्या अंगाला बाहेर आलेला कातळ. वर विटांच्या बुटक्या भिंती, छप्पर नाही. बुद्ध इथे राहत, उपदेश करत, आणि त्यांना भेटायला येता यावं म्हणून मगधाच्या बिंबिसार राजाने वाट बांधून घेतली म्हणतात. पांढऱ्या कपड्यांतले थाई लोक मेणबत्त्या लावून शांत बसले होते. तेवढ्यात एका माणसाने माझ्या हातात फूल कोंबलं आणि दक्षिणा मागितली. मी मुकाट्याने शंभर रुपये दिले. घरी भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून हुज्जत घालणारी मी परगावी अशी उदार का होते, कोण जाणे.

खाली टांगा ठरवला. आठशे सांगितले, पाचशेवर आला. आणखी ताणलं असतं तर चारशेवरही आला असता, असं नवरा अजून म्हणतो. टांगेवाल्याची यादी ठरलेली होती: गरम पाण्याची कुंडं, सोनभंडारच्या गुहा, मग सिलावचा खाजा. मी म्हटलं, वाटेत बिंबिसाराचा तुरुंग लागतो, तिथे थांबायचंय.

“उधर कुछ नहीं है, मॅडम. खाली दीवार है.”

खरंच काही नाही तिथे. रस्त्याकडेला दगडी भिंतींचा एक चौकोन, प्रत्येक बाजू साठेक मीटर. भिंतीची जाडी सहा-साडेसहा फूट, पण उंची पडून पडून गुडघ्या-मांडीपर्यंत राहिलेली. आत गवत आणि दोन शेळ्या. खोदकामात लोखंडी कड्या सापडल्या, म्हणून हा तुरुंग, असं सांगतात. अजातशत्रूने बापाला कैदेत टाकून गादी घेतली, आणि कुठे राहायचं असं विचारल्यावर बिंबिसाराने हीच जागा मागितली, कारण इथून गृध्रकूट दिसतं, अशी कथा आहे. ती मी पुण्याहूनच वाचून आले होते आणि नवऱ्याला ऐकवत होते. तो ‘हं’ म्हणत होता.

“तो पांढरा दिसून राह्यला, तोच का व बाई?”

मागे वळले तर एक आजी. पांढरं लुगडं, वर मरून स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावाहून विहारातल्या बायकांची बस निघाली होती: बुद्धगया, राजगीर, नालंदा, सारनाथ, लुंबिनी. बाकीच्या रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर होत्या. या एकट्याच भिंतीला हात लावत फिरत होत्या.

“नाही आजी, तो स्तूप. तो नवा आहे, १९६९ चा. गृध्रकूट त्याच्या खाली, उजवीकडे बघा.” माझा मास्तरीण आवाज लागला होता.

त्यांनी हात कपाळावर धरून पाहिलं. “मले नाही दिसत. एका डोळ्याचं आप्रेशन राह्यलं हाय.” मग मलाच विचारलं, “तुले न्हाव्याचं माहीत हाय का?”

मला न्हाव्याचं माहीत नव्हतं.

आजी भिंतीवर टेकल्या आणि सांगू लागल्या. पावसाळ्यातल्या वर्षावासात त्यांच्या विहारात भंतेजींनी सांगितलेली गोष्ट. पोराने बापाचं अन्न बंद केलं. राणीला तेवढी भेटायची मुभा, तर ती अंगाला मध लावून जायची. “राजा ते चाटे अन् जगे. मंग पोरानं तेही बंद केलं. तरी मरेना. काहून? तर आतल्या आत चालत राहे अन् त्या डोंगराकडं पाहे. मंग तळपाय चिरायले न्हावी पाठवला.”

इथे थांबून त्यांनी बुटाची नाडी बांधली. मला वाटलं, संपली गोष्ट.

“न्हावी आलेला पाह्यला, तर राजा खूश झाला. त्याले वाटलं, पोराले दया आली. बापाची दाढी वाढली, म्हून न्हावी पाठवला.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. इतकं वाचून आलेली मी, भिंतीची जाडी पाठ होती आणि हे नव्हतं. नवऱ्याचं ‘हं’ही थांबलं होतं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, घरचं कोण आलंय सोबत? “कोन येते? पोरगं नागपूरले असते.” एवढंच. मग त्या उठल्या, डोंगराच्या दिशेला, म्हणजे मी दाखवली होती तिच्या जरा डावीकडे, हात जोडले आणि पाली भाषेतलं त्रिशरण वर्ध्याच्या हेलात म्हटलं. दिशा चुकलीय हे सांगायला माझं तोंड उघडलं होतं, ते मी मिटलं.

पलीकडून बसचा भोंगा वाजला. एक बाई ओरडल्या, “ओ मावशी, गाडी सुटून राह्यली!” आजींनी स्वेटरच्या खिशातून कागदात बांधलेली चिक्की काढली, दोन तुकडे माझ्या हातावर ठेवले, “तुमच्या मालकालेही दे,” म्हणाल्या आणि कॅनव्हासचे बूट फटफट वाजवत निघून गेल्या.

बाकी सगळं ओझरतं झालं. कुंडात पाय घातले, पाणी खरंच कढत आहे. सिलावला खाजा घेतला, पिशवीत चुरा झाला. दुसऱ्या दिवशी नालंदा दोन तासांत उरकलं, ते अन्यायाचंच.

काचेच्या पुलाची वेळ त्या संध्याकाळी टळून गेली होती. पैसे परत मिळत नाहीत. नवरा हे महिन्यातून एकदा तरी काढतो.