संगणक घेतल्यानंतरचा खर्च

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, कार्यालयात माझी नेमणूक हिशेबनीस म्हणून झाली. परंतु प्रिंटरमध्ये कागद अडकला किंवा कोणी पासवर्ड विसरला की हाक मलाच येते. संगणक घेताना मालक किंमत आणि तिच्यावरील 18 टक्के जीएसटी पाहतात, पुढचा खर्च मात्र कोणीच मांडून पाहत नाही.

त्यात सर्वाधिक छळते ती यूपीएसची बॅटरी. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 45 अंशांवर चढतो आणि वीजही वारंवार जाते. त्या उष्णतेत आतली 12 व्होल्टची बॅटरी खिळखिळी होते, पण हे उमगते दिवाळीनंतर, ऐन खरेदीत, काट्यावर कापसाच्या गाड्या उभ्या असताना पडदा अचानक काळा झाल्यावर.

गेल्या हंगामात एक संगणक दर तासाला बंद पडू लागला, तेव्हा बाहेरून आलेल्या दुरुस्तीवाल्याने झाकणही न उघडता नवा घेण्याचा सल्ला दिला. मी स्क्रू काढून पाहिले, तर पंख्याच्या पात्यांवर रुईच्या तंतूंची चक्क गादी बसलेली होती. ब्रश आणि ब्लोअर एवढ्यावर काम भागले.

विंडोज 10 चा प्रश्न मात्र ब्रशने सुटणारा नाही. त्याची नियमित मोफत सुरक्षा अद्यतने 14 ऑक्टोबर 2025 नंतर थांबली, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 हा संगणकातला सुरक्षा-घटक लागत असल्याने तो नसलेले आमचे दोन धडधाकट संगणक अडकले. एकाचे इंटरनेट तोडून तो मी वजनपावत्या छापण्यापुरता ठेवला आहे, दुसऱ्याचा विषय काढला की मालक म्हणतात, “यंदाचा भाव पाहू.”