कोथिंबीर तशीच पडून होती

परवा सकाळी आमच्या सशाने, कापशीने, कोथिंबिरीला तोंडच लावलं नाही. एरवी मंडईतून जुडी आणली की पिशवीतच नाक खुपसते. कोथरूडच्या आमच्या गॅलरीत ती कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, दात करकर वाजवत. रात्रीपासून ट्रेमध्ये एकही लेंडी नाही. कान हाताला गार लागले.

सशाचं आतडं थांबलं की दुखणं तासातासाने वाढतं. १०-१२ तास खाणं बंद म्हणजे थेट डॉक्टर, वाट बघायची नाही. घरचं औषध दिलं नाही, बळजबरीने भरवलंही नाही. टॉवेलात गुंडाळलं, शेजारी कोमट पाण्याची बाटली ठेवली आणि रिक्षा पकडली. ससे तपासणारे डॉक्टर कुठे बसतात हे आधीच विचारून ठेवलं होतं, तेवढं बरं झालं.

सलाईन, दुखण्याचं इंजेक्शन. रात्री ९ वाजता चार लेंड्या दिसल्या, वाटाण्याहून बारीक. आईला हाक मारून दाखवल्या.