सगळं अंतर धावलात का हो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो : नाही. वाळवंटातल्या त्या शर्यतीत निम्म्याहून जास्त चाललो.

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये हा प्रश्न ठरलेला. आणि 'नाही' म्हटलं की समोरच्याला जरा बरं वाटतं, हेही पाहिलंय.

मोरोक्कोच्या दक्षिणेला, सहारात, 1986 पासून ही शर्यत होते : मॅरेथॉन दे साब्ल. पॅट्रिक बाउअर नावाचा फ्रेंच माणूस 1984 साली खाणं-पाणी पाठीवर घेऊन साडेतीनशे किलोमीटर वाळवंट एकट्याने चालला, त्यातून ती निघाली. चालला बरं का, धावला नाही.

अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. पाणी आणि तंबू ते देतात, बाकी संसार आपल्या पाठीवर. दिवसाला किमान 2000 कॅलरींचं खाणं बरोबर हवंच. आम्ही तिघं पन्नाशीतले, कॉलेजपासूनचे. वजन वाचवायला टूथब्रशचे दांडे कापले. ढेऱ्या मात्र तशाच नेल्या. मेतकूट, गुळपापडी आणि मुख्य म्हणजे भाजलेले शेंगदाणे. शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी! परदेशी पाकिटं झक मारतात.

खरा शत्रू ऊन नव्हे, बुटातली वाळू. म्हणून बुटाच्या कडेने वेल्क्रो शिवून त्यावर कापडी गेटर, म्हणजे बूट झाकणारी खोळ, लावतात. मंडईजवळच्या चपलावाल्याने बूट उलटसुलट करून पाहिला. "काका, एवढ्या महागाच्या बुटाला भोकं पाडू?" पाडली. त्याच भोकांतून तिसऱ्या दिवशी पिठासारखी वाळू आत आली आणि माझ्या करंगळीचं नख गेलं. सिंहगडावर पाठीला तांदूळ बांधून वर्षभर केलेला सराव तिथे काय कामाचा?

शर्यतीचा एक टप्पा ऐंशी किलोमीटरच्या घरातला असतो, रात्रभर चालणारा. त्या दिवशी पहिले पन्नासएक धावपटू काही तास उशिरा सोडतात. ते मागून आले तेव्हा आम्ही एका खुरट्या बाभळीखाली शेंगदाणे खात होतो. त्यांचे पाय वाळूत रुततच नव्हते. आम्ही टाळ्या वाजवल्या, त्यांनी हात केला. तेवढीच आमची त्यांच्याशी बरोबरी.

शर्यतीत सगळ्यांच्या मागून उंट चालतात. त्यांनी तुम्हाला मागे टाकलं की तुम्ही बाद. रात्री दोनच्या सुमारास आमच्यातला बँकवाला दगडावर बसला, बूट काढून वाळू झटकली आणि तसाच, बूट हातात धरून, झोपला. हलवलं, चिडवलं, घरी फोन करतो म्हटलं. ढिम्म. तेवढ्यात मागे टेकाडावर दिवा लुकलुकला. मी म्हटलं, "अरे, उंट आले!"

बूट कसाबसा चढवून गडी जो सुटला! मागोमाग आम्ही दोघं, पाठीवरची भांडी खडखडवत.

दिवा एका कपाळावरचा होता. मागून येणाऱ्या बाईंनी आम्हाला वाट विचारली.

पण तेवढं दीडशे-दोनशे मीटर अंतर आम्ही खरोखर धावलो.